वायरगार्डवरचे ओएसपीएफ अखेर स्थिरावले, आणि पुढचा आराखडा बदलला

वायरगार्ड म्हणजे दोन ठिकाणांमधला सीलबंद बोगदा (टनेल), आणि ओएसपीएफ म्हणजे राउटरांनी आपापले मार्ग (रूट्स) एकमेकांना आपोआप कळवण्याचा प्रोटोकॉल. मागच्या नोंदीत चिपळूणच्या घरचा राउटर एक्सस्टार्ट या ओएसपीएफच्या जोडणीतल्या मधल्या अवस्थेत अडकून पडला होता आणि दोन्ही टोकांचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४२० केल्यावर नेबर, म्हणजे पलीकडचा राउटर, ‘फुल’ (पूर्ण जोडलेला) झाला, इथवर आपण आलो होतो. तो आनंद फार टिकला नाही. नेबर फुल होई, रूट्स येत, पुढच्याच क्षणी टनेल मुका होई, नेबरकडून ‘हॅलो’ संदेश न आल्यास वाट पाहण्याचा ४० सेकंदांचा डेड टायमर संपला की नेबर नाहीसा होई आणि थोड्या वेळाने हेच चक्र पहिल्यापासून सुरू होई. ते आता थांबले आहे. त्याचे कारण मला इतके मोलाचे वाटते की या नोंदीचा बहुतेक भाग त्यालाच देतो.

नव्याने आलेल्यांसाठी रचना थोडक्यात सांगतो. पुणे आणि चिपळूण ही दोन्ही घरे सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटून देणारी इंटरनेट कंपनीची सोय), म्हणजे १००.६४.०.०/१० या पट्ट्यात असल्यामुळे दोघांचे टनेल मुंबईतल्या व्हीपीएसपाशी (भाड्याच्या आभासी सर्व्हरपाशी) मिळतात आणि तिन्ही ठिकाणी डेबियन लिनक्सवर एफआरआर हे राउटिंगचे सॉफ्टवेअर चालते. व्हीपीएसवर प्रत्येक घरासाठी स्वतंत्र वायरगार्ड इंटरफेस आहे. एकाच इंटरफेसवर अनेक पिअर (टनेलची पलीकडची टोके) ठेवले, तर कोणते पॅकेट कोणत्या पिअरकडे जायचे हे वायरगार्डची ‘अलाउड आयपी’ यादी ठरवते आणि ओएसपीएफने निवडलेल्या नेक्स्ट हॉपला (पॅकेट पुढे ज्याच्याकडे द्यायचे त्या राउटरला) काही अर्थ उरत नाही. ती यादी म्हणजे टनेलच्या पोटात दडलेले स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेले, राउटिंगच आहे, हे ओएसपीएफ लावू पाहणाऱ्याने आधी मनाशी पक्के करावे.

चिपळूणची सर्व वाहतूक व्हीपीएसच्या कायम पत्त्यावरून बाहेर पडावी, म्हणून व्हीपीएस ओएसपीएफमधून डिफॉल्ट रूट (दुसरा कोणताही मार्ग न जुळल्यास वापरायचा, ०.०.०.०/०) जाहीर करतो आणि चिपळूणच्या फायबरचा डीएचसीपीकडून (पत्ता आणि गेटवे आपोआप देणाऱ्या सोयीकडून) आलेला डिफॉल्ट केवळ राखीव म्हणून मागे राहतो. यात एफआरआरची एक खुबी आहे. कर्नलमधून आलेल्या रूटच्या मेट्रिकमधील सर्वांत वरची बाइट ते ‘डिस्टन्स’ म्हणून वाचते, आणि कमी डिस्टन्सचा रूट जिंकतो. त्यामुळे साधे मेट्रिक दिलेल्या डीएचसीपी रूटचा डिस्टन्स ० धरला जातो आणि ११० डिस्टन्सचा ओएसपीएफ रूट कधीच निवडला जात नाही. डिस्टन्स २०० हवा असेल, तर मेट्रिकच्या जागी ३३५५४४३२०० हा अवाढव्य आकडा लिहावा लागतो. तो लिहिताच एफआरआरच्या टेबलमध्ये डीएचसीपीचा डिफॉल्ट निमूटपणे मागे सरकलेला दिसला, तेव्हा फार समाधान वाटले.

आणि नेमके तिथूनच चक्र सुरू झाले. पॅकेट्स टिपणारे टीसीपीडंप फायबरच्या इंटरफेसवर लावून पाहिले, तेव्हा ओएसपीएफचा डिफॉल्ट टेबलमध्ये बसताच व्हीपीएसकडे जाणारी यूडीपी पॅकेट्स एकदम बंद होत होती. वायरगार्डने सीलबंद केलेल्या पॅकेटलाही व्हीपीएसच्या सार्वजनिक पत्त्यापर्यंत जायला रूट लागतो, आणि आता ०.०.०.०/० चा मार्ग त्याच वायरगार्डमधून जात होता. टनेल स्वतःच्याच आत शिरू पाहत होता. हॅलो पोहोचेनात, नेबर पडे, ओएसपीएफचा डिफॉल्ट मागे घेतला जाई, फायबरचा राखीव डिफॉल्ट पुढे येई आणि टनेल पुन्हा जिवंत होई. वायरगार्ड उभारणारी डब्ल्यूजी-क्विक स्क्रिप्ट स्वतः डिफॉल्ट लावते तेव्हा फायरवॉल मार्क (पॅकेटवरची खूण) आणि वेगळे रूटिंग टेबल वापरून हा पेच टाळते, पण रूट्सचे काम एफआरआरकडे सोपवण्यासाठी ‘टेबल ऑफ’ लिहिले की ते संरक्षणही जाते.

सर्वांत जास्त छळले ते यापुढच्या टप्प्याने. व्हीपीएसवरून डिफॉल्ट जाहीर करणे पूर्ण बंद केले, तरी चक्र चालूच राहिले. डिफॉल्टच नाही तर टनेलला गिळतो कोण, याचे उत्तर शेवटी ‘आयपी रूट गेट’ या साध्या आज्ञेने दिले. टनेल पडायच्या क्षणी व्हीपीएसचा सार्वजनिक पत्ता विचारला, तर उत्तरात इंटरफेस म्हणून वायरगार्ड आणि रूट म्हणून व्हीपीएसचे अख्खे सार्वजनिक /२४ (२५६ पत्त्यांचा गट) आले. थेट जोडलेली सर्व नेटवर्क्स ओएसपीएफमध्ये ओतण्याची सोय व्हीपीएसवर चालू असल्याने त्याची सार्वजनिक बाजूही जाहीर होत होती. /२४ हा प्रीफिक्स (पत्त्याचा जुळावा लागणारा सुरुवातीचा भाग) कोणत्याही डिफॉल्टपेक्षा लांब, म्हणून फायबरच्या डिफॉल्टचा डिस्टन्स कितीही कमी केला असता तरी उपयोग झाला नसता. डिस्टन्सची तुलना एकाच प्रीफिक्सच्या दावेदारांत होते. त्याआधी सर्वांत लांब प्रीफिक्स जिंकलेला असतो.

उपाय दोन ओळींचा निघाला. व्हीपीएसवर रूट-मॅप (रूट्सची चाळणी) लावून फक्त १० ने सुरू होणाऱ्या घरगुती पट्ट्यातली नेटवर्क्स बाहेर जाऊ दिली, आणि चिपळूणला व्हीपीएसच्या त्या एकाच पत्त्याचा /३२ स्टॅटिक रूट फायबरकडे वळवला. फायबरचा गेटवे बदलता असल्यामुळे स्टॅटिक रूटमध्ये आकडा लिहून भागत नाही, पण डीएचसीपीने जो गेटवे दिला असेल तोच घे, असे डेबियनवर नेटवर्क सांभाळणाऱ्या सिस्टमडी-नेटवर्कडीला सांगता येते. ही सोय मला फार आवडली आहे. डिफॉल्ट पुन्हा जाहीर केला आणि नेबर तेव्हापासून एकदाही पडलेला नाही.

स्टॅटिक, डिफॉल्ट आणि डायनॅमिक (ओएसपीएफसारखे आपोआप शिकणारे) या राउटिंगच्या तिघांपैकी कोणता प्रकार निवडावा, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार येतो. माझे मत आता स्पष्ट आहे: निवड जाळ्यागणिक करायची नसून प्रत्येक रूटपुरती करायची असते. ज्या मार्गावर डायनॅमिक प्रोटोकॉल स्वतः उभा आहे, तो त्याच प्रोटोकॉलकडून शिकू नये. तो स्टॅटिकच असावा. कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनला (एकाच तारेवरच्या वेगळ्या आभासी जाळ्याला) बाहेर पडायला एकच दार आहे, तिथे डिफॉल्टपलीकडे काहीही लावणे हा निव्वळ भार आहे. पुण्यात नवे व्हीलॅन उघडले की तिन्ही ठिकाणी हात घालावा लागू नये, यासाठी ओएसपीएफ हवे.

चिपळूणच्या छोट्या पेटीला दुसरे लॅन पोर्ट हवे होते, ते बुधवार पेठेतून आणलेल्या रिअलटेक ८१५३ चिपच्या यूएसबी अडॅप्टरने भागवले. डेबियनने तो विनातक्रार ओळखला. हाच चिप पाहून घ्यावा, असे सांगेन. त्या पोर्टावर ४जी राउटर जोडून दुसरा /३२ जास्त मेट्रिकने ठेवायचा, असा बेत होता.

मात्र हे लिहितानाच त्यातली उणीव दिसते आहे. फायबर गावाबाहेर तुटली तरी घरातला ओएनटी (फायबरची पेटी) चालूच राहतो, लिंक वर दिसते आणि /३२ स्टॅटिक मेलेल्या मार्गाला चिकटून बसतो. म्हणून दोन टनेल उभारावेत हे बरे: एक फायबरवरून, दुसरा ४जीवरून, व्हीपीएसवर ५१८२० आणि ५१८२१ अशी वेगळी पोर्ट्स. प्रत्येक टनेलच्या पॅकेट्सना स्वतःचा फायरवॉल मार्क आणि त्या मार्काच्या टेबलमध्ये त्या एकाच लाइनचा डिफॉल्ट, म्हणजे /३२ ची गरजच संपते. कोणती लाइन जिवंत आहे, हे ओएसपीएफ हॅलोवरून ठरवेल. कॉस्ट (कमी तो मार्ग पसंत) फायबरला १० आणि ४जीला १०० द्यायची, तीही दोन्ही टोकांना, नाहीतर परतीची वाहतूक महागड्या ४जीवरून येत राहील. रिव्हर्स पाथ फिल्टर (पॅकेट योग्य इंटरफेसवरून आले का, हे तपासणारी कर्नलची चाळणी) कडक ठेवायचा असल्यास मार्क लक्षात घेण्याची कर्नलची सेटिंगही चालू करावी लागेल. सुरुवात तिथूनच करणार आहे.