वेबसाइट तयार आहे, पण सुरू होत नाही

आज कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या (चपलांच्या दुकानांच्या रांगेतल्या) एका दुकानदारांना सलग तिसऱ्यांदा सांगावे लागले की त्यांची वेबसाइट या सोमवारीही सुरू होणार नाही. कोड तयार होऊन दहा दिवस झाले. अडले आहे ते कोटेशन लिहिताना आम्ही हिशेबातच न धरलेल्या कामांवर, म्हणजे पेमेंट गेटवेची (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेची) केवायसी, म्हणजे दुकानदाराच्या ओळखीची कागदपत्रे तपासणे, चपलांचे फोटो आणि त्यांच्या पुतण्याने परवा सहज सुचवलेले ‘मापानुसार बनवून घ्या’ हे एक बटण. कापशी या कोल्हापुरी चपलेच्या प्रकाराची सहा मापे आणि तीन रंग म्हटले की एकाच डिझाइनच्या १८ नोंदी होतात. त्यात हे बटण आले की साठा, किंमत आणि परतीचा नियम, सगळेच पुन्हा लिहावे लागते. (पुतण्याला ते पाच मिनिटांचे काम वाटते.) “कातडे वाळल्याशिवाय आमचा कारागीरही तारीख देत नाही,” असे म्हणून त्यांनी चहा मागवला.