किती वेळ चालणार?

आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्स राहतात. रात्रपाळी करून सकाळी येतात आणि संध्याकाळपर्यंत झोपतात. जर्मनीत, कोलोनमधल्या आमच्या पहिल्या गणपतीत हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी पाचला पंधरा-वीस माणसं, दोन झांजा, एक ढोलकी, आणि 'सुखकर्ता'पासून एकामागून एक सगळ्या आरत्या. 'दुर्गे दुर्घट भारी' चालू असताना दारावरची बेल वाजली. दारात त्या उभ्या होत्या, अंगात झोपेतला झगा, डोळे लाल. हे काय चाललंय, कशासाठी, इथे कशाला, अशा प्रश्नांची मी मनात तयारी करून ठेवली होती. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वेळ चालणार?"

या प्रश्नाचं उत्तर मी तोवर कधीच दिलेलं नव्हतं. मी मिरजेची. आरती संपेल तेव्हा संपते.

इथे रविवार कडक शांततेचा असतो. ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं नाही, रिकाम्या बाटल्या काचेसाठीच्या डब्यात टाकायलाही बंदी, कारण खळ्ळकन आवाज होतो. आणि त्याच रविवारी सकाळी दोन गल्ल्या सोडून असलेल्या चर्चच्या घंटा दणक्यात वाजतात. सुरुवातीला मला हे विसंगत वाटायचं. मग कळलं की इथल्या न्यायालयांनी घंटांमध्येही फरक केलाय. प्रार्थनेला बोलावणारी घंटा हे धर्माचरण, तिला राज्यघटनेच्या कलम 4 चा आधार. पण मनोऱ्यावरचं घड्याळ तासाला टोले देतं, त्यात देवाचं काही नाही, म्हणून त्याला इतर कुठल्याही आवाजासारखे डेसिबलचे नियम. घंटा तीच, मनोरा तोच. एवढं बारकाईनं कुणीतरी बसून ठरवलंय, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

कॅथीड्रलची सर्वात मोठी घंटा 1923 मध्ये ओतलेली, 24 टनांची. गावातले लोक तिला 'डिकर पिटर' म्हणतात, म्हणजे जाडा पीटर. मोठ्या सणांनाच वाजते. पहिल्यांदा ईस्टरला ऐकली तेव्हा मी ऱ्हाइनवरच्या पुलावर होते. आवाज कानाआधी छातीत आला. देवळातल्या मोठ्या नगाऱ्याजवळ लहानपणी उभं राहिल्यावर व्हायचं तसं. त्याआधीचे दोन-तीन दिवस मात्र घंटा पूर्ण मुक्या असतात, आणि गुड फ्रायडेला सार्वजनिक नाचगाण्यालाही या राज्यात कायद्यानं मनाई आहे. म्हणजे गप्प राहणंही इथे धर्मातूनच आलेलं, आणि ते चर्चला न जाणाऱ्यांनाही पाळावं लागतं.

आता मशिदीबद्दल. एहरेनफेल्ड भागातली मोठी मशीद पॉल ब्योम यांनी बांधली. त्यांचे वडील आणि आजोबा दोघेही चर्च बांधण्यासाठी नावाजलेले वास्तुविशारद. बांधकामाला विरोध खूप झाला, आणि तो फक्त उजव्या टोकाच्या लोकांचा नव्हता. नाझींच्या तावडीतून वाचलेले लेखक राल्फ जोर्दानो यांनीही 2007 मध्ये जाहीर विरोध केला होता. मशीद चालवणारी संस्था तुर्की सरकारच्या धर्मखात्याशी जोडलेली आहे, ही शंकाही अनेकांच्या मनात होती, आणि ती निराधार म्हणता येणार नाही. 2021 मध्ये शहरानं मशिदींना लाउडस्पीकरवरून बांग देण्याच्या दोन वर्षांच्या प्रयोगाची परवानगी दिली. फक्त शुक्रवारी, दुपारी 12 ते 3 च्या दरम्यान एकदा, जास्तीत जास्त पाच मिनिटं. आवाज किती मोठा, ते मशिदीच्या जागेप्रमाणे ठरवायचं. आसपासच्या घरांमध्ये आधी पत्रकं वाटायची, आणि तक्रार ऐकून घेणाऱ्या माणसाचं नाव द्यायचं.

14 ऑक्टोबर 2022 ला तिथे पहिली बांग झाली. मी मुद्दाम गेले होते. रस्त्यापलीकडे फलक घेऊन विरोधकही उभे होते. सार्वजनिक जागा कुठल्याच धर्माची नसावी, असं त्यांचं म्हणणं. बांग सुरू झाली आणि चौकातल्या गाड्यांच्या आवाजात निम्मी विरून गेली. मिरजेत पहाटे झोपेत ऐकलेली बांग आठवून माझे डोळे भरून आले. शेजारच्या बाईंनी विचारलं, तुम्ही मुस्लिम का? मी नाही म्हटलं. पुढचं जर्मनमध्ये नीट सांगता आलं नाही.

ते इथे सांगते. मिरासाहेबांचा दर्गा आमच्या रोजच्या वाटेवर. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर त्याच आवारात, आणि उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. आम्ही सगळे तिथे मांडी घालून रात्र रात्र बसायचो. बांग, काकड आरती, चर्चची घंटा, सतारीच्या दुकानातली टुणटुण, कुणाला नियम विचारायची वेळ आली नव्हती, कारण आवाज कुणाचा आहे ते माहीत असायचं. आणि त्याच मिरजेत 2009 च्या गणपतीत एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल पेटली. विसर्जनं थांबली, संचारबंदी लागली. ओळख पुरेशी असते असं मी तोवर धरून चालले होते. रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, हा नियम आपल्याकडेही आहेच, सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निकालही आहे. पण आपल्याकडे नियमाची आठवण बहुतेक वेळा समोरच्याच्या आवाजाबद्दल येते.

इथे जिन्यात चिठ्ठी लावायची पद्धत आहे. 2024 मध्ये गणेश चतुर्थी शनिवारी आली. आठवडाभर आधी मी चिठ्ठी चिकटवली: शनिवारी संध्याकाळी 6 ते 7 आमच्याकडे पूजा आहे, झांजा वाजतील, अडचण असेल तर हा फोन नंबर. दोन दिवसांनी खाली पेन्सिलनं अक्षरं दिसली: "ठीक आहे. 7 नंतर नको. रात्रीची ड्युटी आहे."

बाबा तेव्हा मिरजेहून आले होते. त्यांना चिठ्ठी पटली नव्हती. देवाच्या आरतीला परवानगी कसली, म्हणून दिवसभर गप्प होते. पण सातला पाच कमी असताना, 'घालीन लोटांगण' अर्ध्यावर असताना, त्यांनीच झांज पाटावर ठेवली आणि नुसत्या टाळ्यांवर पुढचं म्हटलं. मंत्रपुष्पांजली आम्ही हळू आवाजात पूर्ण केली.

प्रसाद वाटत असतानाच रविवारची वर्दी देणाऱ्या चर्चच्या घंटा सुरू झाल्या. खिडकी उघडीच होती. बाबा मोदकाची ताटली हातात धरून बराच वेळ ऐकत उभे राहिले. मग मला म्हणाले, "यांनी पण चिठ्ठी लावली होती का गं?"

नाही लावली. त्यांना कधी लावावी लागली नाही. मी बाबांना तसंच सांगितलं, आणि दोन मोदक डब्यात घालून वरच्या मजल्यावर गेले. त्या कामावर निघण्याच्या तयारीत होत्या.