दुखणे कानाचे, मूळ त्वचेत

आज आमच्या कुत्र्याला प्रथमच प्राण्यांच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. वर्षभरात त्याचा कान तीनदा सुजला होता. दर वेळी थेंब घातले की बरे वाटे आणि महिन्याभरात तो पुन्हा डोके झटकू लागे. डॉक्टरांनी आधी कानाला हात न लावता पंजांच्या बोटांमधली जागा, काखा आणि पोट तपासले, आणि तो पंजे केव्हापासून चाटतो असे विचारले. (आम्हाला ती लाडिक सवय वाटत होती!) कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरून मग आत वळत असल्यामुळे ओल आणि मळ तिथे साचतो, परंतु वारंवार होणाऱ्या संसर्गामागे पुष्कळदा अ‍ॅलर्जी असते, हे त्यांनी समजावून सांगितले. कानातला मळ काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर मॅलॅसेझिया ही यीस्ट (एक प्रकारची बुरशी) दिसली, जीवाणू नव्हते. म्हणजे घरात उरलेले प्रतिजैविकाचे थेंब मी उगाच घालत होतो. कानाचा पडदा शाबूत असल्याची खात्री करूनच त्यांनी कान धुतला. अ‍ॅलर्जी अन्नाची आहे का ते पाहण्यासाठी आता किमान 8 आठवडे ठरवून दिलेला एकच आहार, त्याबाहेरचा तुकडाही नाही. घरात सर्वांना हे सांगितले आहे, आजीला दोनदा.