मोठ्या माणसासाठी पॉइंट टू-टू रायफल: अमेरिकेत निवडताना काय बघायचं

अमेरिकेत पॉइंट टू-टू, म्हणजे .२२ इंची छोट्या गोळीची, ही शिकण्याची रायफल समजली जाते. इथली बरीच मुलं आठ-दहा वर्षांची असताना आईवडिलांच्या देखरेखीखाली हिच्यावरच नेमबाजी शिकतात. त्यामुळे दुकानाच्या रॅकवर आखूड दस्त्याची, हलकी, स्वस्त मॉडेलं भरपूर असतात: सॅव्हेज रास्कल, रुगर अमेरिकनचं कॉम्पॅक्ट, सीझेड ४५७ स्काउट. नवखा मोठा माणूस हातात घेऊन बघतो, हलकी वाटते, किंमतही परवडते, आणि मुलांच्या मापाची रायफल घेऊन घरी जातो. पुढे नेम लागत नाही तेव्हा दोष स्वतःला देतो, नाहीतर गोळ्यांना. खरं तर बहुतेक वेळा माप चुकलेलं असतं.

निवडीकडे वळण्याआधी कायद्याचं बोलायला हवं, कारण आपल्याकडून इथे आलेले बहुतेक लोक व्हिसावर असतात. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीला, म्हणजे एच-१बी, एच-४, एफ-१, बी-१/बी-२ अशा सगळ्यांना, बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. याला काही अपवाद आहेत. आपल्या लोकांना उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना. बहुतेक राज्यांत त्यासाठी आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर ही आडकाठी नाही. रेंजवर भाड्याची रायफल हातात घेणंसुद्धा या मनाईत येतं, हे फार जणांना ठाऊक नसतं. भारतातून फिरायला आलेल्या आईबाबांना हौसेने रेंजवर नेणाऱ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. चूक पकडली गेली तर प्रकरण दंडावर मिटत नाही, गुन्हा दाखल होतो आणि व्हिसाही धोक्यात येतो.

त्यावर राज्याराज्यांचे वेगळे नियम आहेत. न्यू जर्सीत रायफल घेण्याआधी स्थानिक पोलिसांमार्फत फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड काढावं लागतं. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकमालकाचं ओळखपत्र, लागतं, तर कॅलिफोर्नियात सुरक्षा परीक्षेचं प्रमाणपत्र आणि वर दहा दिवसांची थांबणूक. दुकानात फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. त्या फॉर्मवर व्हिसाचा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो. तिथे अंदाजाने टिक करू नये.

आता माप. दस्त्याच्या मागच्या टोकापासून ट्रिगरपर्यंतच्या अंतराला इथे लेंग्थ ऑफ पुल म्हणतात. मोठ्यांच्या रायफलीत ते साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं, तर मुलांच्या मॉडेलमध्ये साडेअकरा ते साडेबारा. दुकानात तपासायची सोपी रीत अशी: आधी बोल्ट (काडतूस आत-बाहेर करणारा सरकता भाग) उघडून चेंबर (काडतूस बसतं तो कप्पा) रिकामं असल्याची खात्री करा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा, कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवा. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर आरामात पोचला पाहिजे. बोट ताणावं लागलं तर दस्ता लांब आहे, दुसरं पेर ट्रिगरवर गेलं तर आखूड.

आखूड दस्त्याने काय होतं? मान पुढे घालून खांदा वर ओढावा लागतो, अंगठा नाकाला लागतो, स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, डोळ्याच्या फार जवळ येतो. पंधरा-वीस गोळ्यांनंतर मान भरून येते आणि मग प्रत्येक गोळीला डोकं वेगळ्या जागी टेकतं. लांब दस्त्याने उलटं होतं: माणूस पाठीतून मागे झुकतो, पुढचा हात ताणला जातो, उभ्याने मारताना तोल जातो. पाच फूट चार-पाच इंच उंचीच्या आपल्याकडच्या माणसाला पावणेचौदा इंच थोडं लांबच पडतं, त्यातून ओहायो-मिशिगनच्या थंडीत जाड जॅकेट घातलं की आणखी अर्धा इंच वाढतो. म्हणून ज्या दस्त्यात स्पेसर, म्हणजे लांबी वाढवणाऱ्या चकत्या, घालता-काढता येतात तो निवडणं शहाणपणाचं. लाकडी दस्ता सुताराकडून अर्धा इंच कापूनही घेता येतो. आखूड दस्ता वाढवायचा झाला तर मात्र जाड रबरी बटपॅडवर अर्धा-पाऊण इंच मिळतो, त्याहून जास्त नाही.

लांबीइतकंच महत्त्व गाल टेकतो त्या कडेच्या उंचीला आहे, आणि तिथे जवळजवळ सगळ्या स्वस्त रायफली कमी पडतात. त्यांचे दस्ते नळीवरच्या साध्या माशीसाठी, म्हणजे नेम धरायच्या खुणेसाठी, बेतलेले असतात. स्कोप लावला की डोळा दीड इंच वर न्यावा लागतो आणि गाल अधांतरी राहतो. तपासायला डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल नेहमीसारखा टेकवा आणि मग डोळे उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला तर ठीक. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर डोकं जागेवर नाही. उपाय महाग नाही: दाट फोमची पट्टी दस्त्यावर ठेवून कापडी टेप गुंडाळा, पाव-पाव इंचाने वाढवत न्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, तो प्रकारही .२२ एलआरचाच (लाँग रायफल, म्हणजे आपल्या पॉइंट टू-टूच्याच काडतुसाचा) आहे. त्या स्पर्धांचे फोटो पाहिलेत तर गालाची पट्टी, खांद्याची प्लेट, हाताचा आधार, सगळं स्क्रूने सरकवता येणारं दिसेल. त्या पातळीवर दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो, तिथे डोकं दोन मिलिमीटर हललेलंही चालत नाही.

ट्रिगर अडीच ते तीन पौंडांचा, न खरखरता सुटणारा हवा. पाच-सहा पौंडांच्या ट्रिगरवर नवखा माणूस बोटाऐवजी मनगटाने ओढतो आणि गोळी कडेला जाते. सीझेड ४५७, टिक्का टी१एक्स, सॅव्हेज मार्क टू आणि रुगर अमेरिकन रिमफायर या चौघींचेही ट्रिगर कमीजास्त करता येतात, पण सुटण्याच्या सफाईत सीझेड आणि टिक्का पुढे आहेत.

बोल्ट किती वर उचलावा लागतो तेही बघा. सीझेड ४५७ आणि रुगरमध्ये साठ अंश पुरतात. नव्वद अंशाच्या बोल्टवर स्कोप खाली बसवला तर बोल्टचा दांडा स्कोपच्या मागच्या फुगीर भागाला घासतो, मग स्कोप धरणाऱ्या रिंग उंच लावाव्या लागतात आणि गालाचा प्रश्न आणखी बिघडतो. सीझेडचे आधीचे ४५२ आणि ४५५ सेकंडहँड बाजारात छान मिळतात, नळ्या उत्तम असतात, पण त्यांचा बोल्ट नव्वद अंशाचा आहे.

नळीच्या लांबीबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे: लांब नळी म्हणजे जास्त वेग. .२२ एलआरची दारू साधारण सोळा इंचांत जळून संपते. चोवीस इंची नळीने वेग वाढत नाही. फायदा असतो तो वेगळा: आवाज कानापासून दूर जातो, वजन पुढे येऊन उभ्याने मारताना रायफल कमी डगमगते, आणि साध्या माशीने नेम धरणाऱ्याला दोन माश्यांमधलं अंतर जास्त मिळतं. बाकावर बसून स्कोपने मारायचं असेल तर वीस इंची जाड नळी अधिक सोयीची.

पैशाचं म्हणाल तर सॅव्हेज मार्क टू साधारण तीनशे डॉलरच्या आसपास मिळते, आणि त्या किमतीला तिची अचूकता चांगली आहे. मॅगझिन आणि दस्ता मात्र सुमार. रुगर अमेरिकन तिच्या थोडी वर. तिच्यात दस्त्याचा मागचा तुकडा बदलून गालाची उंची वाढवता येते, आणि दुकानोदुकानी मिळणारं, रुगरच्याच १०/२२ रायफलीचं दहा गोळ्यांचं मॅगझिन चालतं. सीझेड ४५७ आणि टिक्का पाचशे-सहाशेच्या घरात. ४५७ ची नळी दोन स्क्रू सैल करून घरी बदलता येते. टिक्काचा दस्ता तिच्याच मोठ्या टी३एक्स रायफलीच्या मापाचा, म्हणजे खऱ्या अर्थाने मोठ्यांचा. मोठ्या माणसाने एकच घ्यायची असेल तर आमचं मत सीझेड ४५७ कडे झुकतं. हात लांब असतील तर टिक्का.

मॅच चेंबरची, म्हणजे स्पर्धेसाठी घट्ट चेंबर असलेली, रायफल घेताना मात्र दुसरी बाजू माहीत हवी. ४५७ एमटीआरसारख्या मॉडेलमध्ये चेंबर इतकं घट्ट असतं की बोल्ट बंद होताना शिशाची गोळी नळीतल्या आट्यांत रुतते. न मारता काडतूस बाहेर काढायला गेलात तर कधी कधी गोळी नळीतच अडकते, रिकामं टरफल हातात येतं आणि दारूचे कण अ‍ॅक्शनभर, म्हणजे बोल्ट चालतो त्या यंत्रणेत, सांडतात. अशा वेळी दुसरं काडतूस मुळीच भरू नका. बोल्ट काढून, मॅगझिन बाजूला ठेवून, दारू झटकून, क्लीनिंग रॉडने अडकलेली गोळी हळूच ढकलून काढायची. रेंजवर विश्रांतीचा इशारा होण्याआधी चेंबरमध्ये काडतूस न ठेवण्याची सवय लावली की हा प्रसंग टळतो.

स्कोप रिमफायरसाठीचाच, म्हणजे पॉइंट टू-टूसारख्या कडेवर ठोका बसून उडणाऱ्या काडतुसांच्या रायफलीसाठीचा, घ्या. मोठ्या रायफलींचे साधे स्कोप बहुधा १०० यार्डांवर पॅरालॅक्स जुळवलेले असतात, म्हणजे त्या अंतरावर डोकं हललं तरी नेम सरकत नाही, आणि रिमफायरचे ५० वर. ५० यार्डांवर चुकीच्या स्कोपमागे डोकं जरा हललं की क्रॉसचा धागा लक्ष्यावर सरकताना दिसतो. रिंग घेताना पाया बघा: सीझेडवर ११ मिलिमीटरची खाच असते, तिथे रुंद पिकॅटिनी पट्टीसाठीची रिंग बसणार नाही.

आणि गोळ्या. इथे लोक फार चुकतात. हाय व्हेलॉसिटी म्हणजे चांगली असं वाटतं, पण ती नळीतून ध्वनीपेक्षा जास्त वेगाने, सेकंदाला बाराशे फुटांच्या वर निघते आणि ५० ते १०० यार्डांच्या दरम्यान ध्वनीच्या वेगाखाली उतरते. त्या टप्प्यात हवेचा रोध एकदम जास्त असतो, गोळी वेग झपाट्याने गमावते, म्हणून आडव्या वाऱ्यात ती सावकाश जाणाऱ्या गोळीपेक्षा जास्त वाहते. स्टँडर्ड व्हेलॉसिटी, म्हणजे सेकंदाला १०७० फुटांच्या आसपास, हीच कागदावर नेम मारायला योग्य. ५० यार्डांवर शून्य लावलेली, म्हणजे तिथे बरोबर नेमावर लागेल असा स्कोप जुळवलेली, अशी गोळी १०० यार्डांवर सहा-सात इंच खाली पडते, आणि ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात चार-पाच इंच सरकते. हे आकडे पाठ असले की अर्धी कोडी सुटतात.

कुठली गोळी आवडते ते प्रत्येक नळीचं वेगळं. सीसीआय स्टँडर्ड, एसके, एली, लापुआ यांतल्या तीन-चार जातींची एकेक पेटी घ्या. जात बदलली की पहिल्या पंधरा-वीस गोळ्या मोजायच्या नाहीत, कारण प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं असतं आणि नळीत जुन्याचा थर जाऊन नव्याचा बसायला तेवढ्या लागतात. मग ५० यार्डांवर पाच-पाच गोळ्यांचे पाच गट मारा आणि सरासरी बघा. एका सुंदर गटावर भाळू नका. जी पसंत पडेल तिच्या पेटीवरचा लॉट नंबर टिपून त्याच लॉटच्या आणखी पेट्या घ्या. पुढचा लॉट तसाच वागेल याची हमी नसते.

काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून अर्धा मिनिट थांबा. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या कडेच्या पोकळीत फिरवून पसरवलेला असतो आणि कधी एखाद्या जागी तो पोचलेलाच नसतो. थोडं फिरवून पुन्हा भरलं तर बहुधा उडतं. सराव म्हणून रिकामा ट्रिगर ओढायचा असेल तर मॅन्युअलमध्ये परवानगी आहे का ते आधी वाचा. फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून तिथे खड्डा पडला तर रिकामी टरफलं अडकायला लागतात. भिंतीत स्क्रू घट्ट बसावा म्हणून घालतात ते ४ नंबरचे प्लॅस्टिकचे प्लग चेंबरमध्ये बरोबर बसतात. तीन-चार वेळा वापरून फेकून द्या, काडतुसांच्या डब्यात कधीही ठेवू नका.