तुम्ही विचारलंत म्हणून : सोलापुरात बसून ग्रँट मिळते का?

ओपीडी संपत आली की दारात कोणीतरी घुटमळतं. कधी नुकताच रुजू झालेला असिस्टंट प्रोफेसर असतो, कधी थिसिस जमा करून मोकळी झालेली रेसिडेंट. "मॅडम, सोलापुरात बसून रिसर्चला ग्रँट मिळते का हो? की दिल्ली-मुंबईत ओळखच लागते?" गेली वीसेक वर्षं मी इथे पीएसएम, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र, शिकवते आणि हा प्रश्न वर्षातून दहा वेळा तरी ऐकते.

मिळते. ओळखीचं म्हणाल, तर ज्या बाईचा खोकला तुम्हाला मोजायचा आहे तिची ओळख हवी. ती नसेल तर प्रपोजलच्या दुसऱ्या पानावरच उघडं पडतं.

माझ्या पहिल्या प्रपोजलचं शीर्षक होतं 'सोलापुरातील विडी कामगार महिलांचे आरोग्य'. चाळीस पानं होती. खोकला, रक्तक्षय, पाठ, डोळे, बाळंतपण, सगळं त्यात घातलं होतं, कारण सोलापूरच्या पूर्व भागातल्या घराघरांत मी ते सगळंच पाहिलं होतं. मांडीवर सूप घेऊन पहाटेपासून विड्या वळणाऱ्या बायका आणि त्यांच्या शेजारी तंबाखूच्या धुळीत झोपलेलं बाळ. प्रपोजल परत आलं, सोबत रिव्ह्यूअरचा, म्हणजे ते तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, एकच प्रश्न होता : यातलं नेमकं काय अजून कुणाला माहीत नाही? मला ते फार लागलं. आठ दिवस मी ती फाईल उघडली नाही. पण प्रश्न बरोबर होता. मी दुःखांची यादी दिली होती, त्यांना हवा होता दोन वर्षांत उत्तर मिळेल असा एक प्रश्न.

म्हणून आता कोणी 'यंत्रमाग कामगारांमधील श्वसनविकार' असं शीर्षक घेऊन आलं, की मी विचारते, शेवटचा यंत्रमाग कामगार तुमच्यासमोर बसला तेव्हा तो काय म्हणाला? एका रेसिडेंटला आठवलं : "डॉक्टर, सुट्टी करून कामावर गेलो की त्या दिवशी छाती आवळते, मग आठवडाभर बरं असतं." पाठ्यपुस्तकातल्या बिसिनोसिसचं हेच लक्षण आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजारात सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला त्रास सर्वांत जास्त होतो. मग प्रश्न आपोआप आकसला. आठवड्याच्या पहिल्या पाळीआधी आणि पाळीनंतर स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसाची क्षमता मोजणारी तपासणी, करायची आणि फरक किती पडतो ते बघायचं. उपकरण कुठलं, माणसं किती, जायचं कधी, बजेटमध्ये काय मागायचं, हे सगळं त्या एका वाक्यातून निघालं.

आपल्या जिल्ह्यात मोठं काम होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना मी बार्शीला जाऊन या म्हणते. इथून 70 किलोमीटर. भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर रजिस्ट्री, म्हणजे कॅन्सरच्या रुग्णांची कायमची नोंदणी, 1987 मध्ये तिथे सुरू झाली, बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या गावांसाठी. खेड्यातला रुग्ण आपण होऊन मोठ्या हॉस्पिटलात पोचेलच असं नसतं, म्हणून कर्मचारी गावोगाव जाऊन लोकांशी बोलत आणि नोंदी गोळा करत. हे काम वर्षानुवर्षं चाललं. पुढे शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. त्यात 52 गावसमूह होते आणि 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया. या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या एकदाच केलेल्या तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले, हा निष्कर्ष 2009 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. पैसा गेट्स फाउंडेशनचा होता, सोबत टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था होती. ज्या गटाची तपासणी झाली नाही त्यावरून पुढे नैतिक वादही झाला. तो वाद मी मुलांना मुद्दाम वाचायला देते. पण जग तिथे आलं, कारण आधी कोणीतरी धुळीच्या रस्त्यांवरून जाऊन नोंदी नीट ठेवल्या होत्या, असं माझं ठाम मत आहे. तुमच्या वॉर्डातलं रजिस्टर आज नीट भरायला लागा, पाच वर्षांनी ते तुमच्या प्रपोजलचं पहिलं पान होईल.

आता सॅम्पल साइझबद्दल, म्हणजे अभ्यासात किती माणसं घ्यायची याबद्दल, थोडं सविस्तर सांगते, कारण सर्वांत जास्त प्रपोजलं इथे गारद होतात. आपल्याकडे सगळे 4pq भागिले L वर्ग हे सूत्र वापरतात. p म्हणजे आजाराचं टक्क्यांतलं प्रमाण, q म्हणजे 100 वजा p, आणि L म्हणजे चालेल तेवढी चूक. ते चुकीचं नाही. पण प्रमाण 50 टक्के आणि चूक 10 टक्के धरली की उत्तर बरोबर 100 येतं, आणि हा 100 दिसला की वाचणाऱ्याला कळतं, आधी आकडा ठरला, मग हिशेब झाला. तेच ओपीडीच्या नोंदींवरून प्रमाण 30 टक्के निघालं आणि 5 टक्क्यांपर्यंत नेमकं उत्तर हवं असेल, तर 336 माणसं लागतात. दहा टक्के बायका नाही म्हणतील असं धरलं तर 374. आता मोजा. एक फील्ड वर्कर आठवड्याला 12 जणींना नीट भेटू शकते, म्हणजे सात महिन्यांहून जास्त काळ. मग 'कालावधी तीन महिने' हे कुठून आलं? आकडा, वेळ आणि पैसा एकमेकांना धरून असले, की वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. पगार कोणत्या महिन्यापर्यंत लागेल हेही तिथूनच ठरतं.

संमतीपत्राचंही तसंच. पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडे कन्नड. आणि प्रपोजलला जोडलेलं संमतीपत्र असतं फक्त मराठीत, तेही 'सदर अभ्यासात सहभागी होण्यास माझी हरकत नाही' अशा कचेरीच्या मराठीत! मी त्या मुलांना वस्तीतल्या आशाताईंकडे पाठवते. त्यांनी वाचून 'हे आमच्या बायकांना नाही कळायचं' म्हटलं की पुन्हा लिहायचं. यात पंधरा दिवस जातात, जाऊ द्यावेत.

वेळेबद्दल माझ्या मनात एक सल आहे. माझ्या एका ज्युनिअर सहकाऱ्याचं प्रपोजल खरोखर उत्तम होतं. एथिक्स कमिटीची बैठक पुढे गेली, संस्थाप्रमुखांच्या सहीची फाईल एका टेबलावर नऊ दिवस पडून राहिली आणि पोर्टल बंद झालं. तो तेव्हा काही बोलला नाही, पण पुढची दोन वर्षं त्याने काहीही लिहिलं नाही. त्यानंतर मी उलटीकडून मोजायला लागले. शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधी मसुदा तयार हवा, कारण त्यातला अर्धा वेळ आपला नसतोच.

सुरुवात लहान रकमेपासून करावी. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) शॉर्ट टर्म स्टुडंटशिप 1979 पासून आहे. काम दोन महिन्यांचं, आणि पैसे अहवाल मंजूर झाल्यावर मिळतात. तेवढ्यात मूल प्रश्न विचारायला आणि वेळेत संपवायला शिकतं. पीजीला थिसिससाठी मदत मिळते, नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाकडेही योजना असतात. पुढे आयसीएमआरच्या एक्स्ट्राम्युरल, म्हणजे बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांसाठीच्या, ग्रँट आहेत. आणि ज्याला संशोधनच करायचं आहे त्याने डीबीटी (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) आणि ब्रिटनमधल्या वेलकम ट्रस्टने मिळून 2008 मध्ये सुरू केलेल्या इंडिया अलायन्सच्या पाच वर्षांच्या फेलोशिपकडे बघावं. तिथे डॉक्टरांसाठी आणि सार्वजनिक आरोग्यासाठी वेगळी वाट आहे.

इंग्रजीची भीती तुम्ही सगळेच बोलून दाखवता. जि. प. शाळेतून आलेल्या मुलांना तर ती जास्तच असते. पहिला मसुदा मराठीत लिहा, मी मनापासून सांगते. अडतं ते बहुतेक वेळा विचारापाशी, आणि मराठीत लिहिताना ते लपत नाही. इंग्रजी नंतर दोन दिवसांत करून घेता येतं.

आणि लिहिलेलं कोणाला तरी दाखवा. आपल्या शाखेच्या माणसाला नको, त्याला न लिहिलेलंही समजतं. ऑर्थोचं प्रपोजल बालरोगवाल्याने वाचावं. आम्ही चौघं-पाच जण दर बुधवारी तीन वाजता डिपार्टमेंटच्या सेमिनार रूममध्ये हेच करतो. एकाचं एक पान, बाकीच्यांच्या हातात पेन्सिली, तास-दीड तास. परवा वाचलेल्या पानावर विडी कामगार बायकांचाच विषय होता, पण फक्त खोकल्याचा, आणि लिहिणारी मुलगी विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, वाढलेली. तिने लिहिलं होतं की मुलाखती संध्याकाळी घ्याव्यात, कारण दुपारी बायका विड्या जमा करायच्या घाईत असतात. तुमचंही पहिलं पान घेऊन या. सहा प्रती काढा, आणि ओळींमध्ये लिहायला जागा ठेवा.