सत्तावीस आणि बेचाळीस

शाळेच्या अमृतमहोत्सव समितीचं पत्र हातात पडलं आणि आधी गुरुजी डोळ्यांसमोर आले. आपल्या शाळेत बाकी सगळे 'सर' आणि 'बाई'. गुरुजी एकच, म्हणून नाव लिहीत नाही. 'शाळेने मला काय दिले' असा विषय समितीनं दिलाय. मला एका खडीच्या ढिगाचं घनफळ दिलं.

1972 चा दुष्काळ. मी आठवीत. माणदेशाला दुष्काळ काही नवा नाही, पण त्या वर्षी विहिरी पार तळाला गेल्या, दावणी रिकाम्या झाल्या. रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, यायचा, त्याची भाकरी थापतानाच मोडायची. आई पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची आणि शाळा सुटली की मीही. धाकटी बहीण सुकडीच्या, म्हणजे तिथं वाटल्या जाणाऱ्या कोरड्या पौष्टिक खाऊच्या, आशेनं मागोमाग यायची. 1973 च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. तेव्हा वाटायचं, आमच्या माळावरची तेवढीच.

मजुरी मापावर. खडीचा ढीग बुडाशी पसरट आणि वर निमुळता असतो. मुकादम टेप लावायचा तो माथ्यावर. लांबी 6 फूट, रुंदी 3, उंची दीड. झाले 27 घनफूट. चला पुढे.

वर्गात घनफळ चाललं होतं. गुरुजींनी घरचं उदाहरण विचारलं, तर मी आईचा ढीग सांगितला. पोरं हसली.

"बुडाशी किती भरतो?" गुरुजींनी विचारलं.

मला कुठं ठाऊक!

"मग मोजून ये."

सुतळीला गाठी मारून मोजलं. 8 फूट बाय 5. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर ढीग काढला आणि त्याच्या पोटातून आडवी रेघ ओढली. "मधली मापं धरा." 7 गुणिले 4 गुणिले दीड. 42. वर्ग गप्प झाला, कारण मुकादमाचा पुतण्या दुसऱ्याच बाकावर बसला होता. तो मान वर करीना. गुरुजी त्याच्याजवळ जाऊन म्हणाले, "तुझा काय दोष रे? तूपण उतरवून घे."

त्या आठवड्यापासून ज्यांची पोरं वही घेऊन ढिगापाशी उभी राहायची, त्यांचं माप मधून घेतलं जाऊ लागलं. बाकीच्यांचं माथ्यावरूनच. आईशेजारी एक म्हातारी खडी फोडायची, तिच्या घरात शाळेत जाणारं कुणी नव्हतं. तिचे 27 चे 27 च राहिले. मी तिच्यासाठी उभा राहिलो नाही. सुचलं नाही असं आजवर सांगत आलो. खरं म्हणजे भ्यालो होतो.

पाऊस पडला आणि एका संध्याकाळी काम बंद झालं. का म्हणून विचारायची सोय नव्हती. सरकारनं दिलं होतं, सरकारनं बंद केलं. पुढे, बरीच वर्षं विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांच्या खटपटीतून उभा राहिलेला रोजगार हमीचा कायदा 26 जानेवारी 1979 ला अमलात आला. काम मागितल्यापासून 15 दिवसांत द्यायचं, नाही तर बेकारी भत्ता, तेव्हा दिवसाला 1 रुपया. मी साताऱ्याला कॉलेजात होतो. वसतिगृहावर गुरुजींचं कार्ड आलं: "आता मागता येईल. माप घ्यायला शिकवलेच आहे." कार्ड अजून माझ्याकडे आहे.

नोकरी पिंपरीत झाली, अकाउंट्समध्ये, 31 वर्षं. हजारभर लोकांचे पगार माझ्या सहीनं निघायचे आणि प्रत्येकाच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायचा, महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. हा कर 1975 साली रोजगार हमीच्या पैशासाठीच बसवला, हे फार थोड्यांना माहीत असतं. एक तरुण इंजिनिअर दर फेब्रुवारीला टेबलापाशी येऊन कुरकुरायचा, आमच्या पैशानं खड्डे खणता म्हणून. त्याला एकदा 27 आणि 42 ची गोष्ट सांगितली. ऐकली त्यानं, आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा आला.

कुठल्याही पक्षाचा पुढारी 'आम्ही दिलं' म्हणाला की मी टीव्ही बंद करतो. विकासदराचे आकडे आले की टेप कुठून लावली ते बघतो. मुलगा अर्थशास्त्राचा पदवीधर आहे. तो म्हणतो, "बाबा, एका ढिगावर सगळं अर्थशास्त्र तोलू नका." बरोबर असेल त्याचं. पण तेराव्या वर्षी माझ्या वाट्याला ढीग एकच आला.

गेल्या दिवाळीत शाळेकडे चक्कर मारली. आठवीच्या वर्गात आता संगणक, फळा पांढरा. पाझर तलाव गाळानं भरलाय, त्यात पोरं क्रिकेट खेळतात. गुरुजींचा फोटो कार्यालयात कपाटाआड गेलाय, तो बाहेर काढावा. नव्या वर्गखोलीसाठी माझी देणगी जूनमध्येच पाठवली आहे. पावती अद्याप आलेली नाही, खजिनदारांनी नोंद घ्यावी.