फळ्यावरचा एथॉक्साइड

स्नेहसंमेलनं, सहली आणि खाल्लेल्या छड्या यांवर बाकीचे वर्गमित्र लिहितीलच. मी एस्टरबद्दल लिहितो, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून बनणाऱ्या संयुगांबद्दल.

बारावीला रसायनशास्त्र शिकवणारे आमचे सर अभ्यासक्रमाची वेस सहज ओलांडायचे. ‘हे परीक्षेला येणार नाही’ असं आधीच सांगून टाकायचे, त्यामुळे निम्मा वर्ग वह्या मिटायचा. एकदा त्यांनी फळ्यावर एथिल ॲसिटेट हे एस्टर काढलं, शेजारी एथॉक्साइड (एथेनॉलचा प्रोटॉन काढल्यावर उरणारा ऋण आयन), आणि विचारलं, “हा आता कुठे जाईल?” वर्गात दोन तट पडले. काहींच्या मते तो न्यूक्लिओफाइल, म्हणजे आपले इलेक्ट्रॉन देऊन बंध जोडणारा; थेट कार्बोनिलच्या (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या) कार्बनवर जाणार. बाकीच्यांच्या मते बेस, शेजारच्या अल्फा कार्बनवरचा प्रोटॉन उचलणार. सर म्हणाले, “दोन्ही करेल. त्यातून हाती काय लागेल ते बोला.”

कार्बोनिलवर एथॉक्साइड बसला की चतुष्फलकीय मध्यस्थ, म्हणजे वाटेतला अल्पायुषी टप्पा, तयार होतो. तो मोडताना दोन्हींपैकी कुठलाही एथॉक्साइड बाहेर पडो, उरतं ते एथिल ॲसिटेटच. म्हणजे प्रक्रिया होते, पण दिसत नाही! एथिल एस्टरला एथॉक्साइडच का घ्यायचा, ते इथे कळलं. मेथॉक्साइड घेतला तर मेथिल एस्टरची भेसळ होते. (तेलापासून बायोडिझेल करताना नेमकी हीच अदलाबदल हवी असते.) आणि सोडियम हायड्रॉक्साइड घातला तर कार्बोक्झिलेट (आम्लाचा क्षार) बनून परतीची वाटच बंद.

प्रोटॉनचा हिशेबही आशादायक नव्हता. एथेनॉलचा पीकेए (हा आकडा जितका मोठा, तितका प्रोटॉन काढणं अवघड) साधारण १६, एस्टरच्या अल्फा हायड्रोजनचा २५. म्हणून इनोलेट, म्हणजे अल्फा प्रोटॉन गमावलेलं एस्टर, असून नसल्यासारखा. तरीही लुडविग क्लायझेन यांनी १८८७ मध्ये मांडलेलं संघनन, म्हणजे दोन एस्टर रेणूंची जोडणी, घडतंच. तो नाममात्र इनोलेट दुसऱ्या एस्टर रेणूच्या कार्बोनिलवर जातो, एथॉक्साइड सुटतो आणि ॲसिटोॲसिटिक एस्टर तयार होतं. त्यातल्या दोन कार्बोनिलांच्या मधल्या प्रोटॉनचा पीकेए ११ च्या आसपास. एथॉक्साइड त्याचा प्रोटॉन लगेच काढतो आणि अख्खा समतोल तिकडे ओढला जातो. म्हणून इथे बेस उत्प्रेरकाइतका थोडा घालून भागत नाही. जेवढे मोल उत्पादन, तेवढे मोल बेस. शेवटी आम्ल घातलं की उत्पादन मोकळं.

वह्या मिटलेल्यांनीही मग त्या उघडल्या, कारण सरांनी एथिल आयसोब्युटिरेट काढलं. त्याच्या अल्फा कार्बनवर हायड्रोजन एकच. संघनन झालंच, तर दोन कार्बोनिलांच्या मधल्या कार्बनवर काढायला प्रोटॉन उरत नाही. त्यामुळे एथॉक्साइड वापरून काहीच जमत नाही, सगळं उलट फिरतं. एका हायड्रोजनने एवढा फरक पडावा, हे मला त्या तासात सगळ्यात देखणं वाटलं. अजूनही वाटतं.

पुढे मी प्रयोगशाळेतच रमलो. आता इनोलेट हवा असला की उणे ७८ अंश सेल्सिअसला एलडीए (लिथियम डायआयसोप्रोपिलअमाइड, एक अतिशय प्रबळ बेस) वापरतो. प्रोटॉन घेतल्यावर बनणाऱ्या त्याच्या संयुग्मी आम्लाचा पीकेए ३६ च्या घरात, शिवाय रेणू इतका अवजड की कार्बोनिलकडे तो फारसा फिरकत नाही. एस्टर जवळजवळ सगळंच इनोलेट होतं. सोयीचं आहे, पण त्यावर वर्गात तट पाडता येत नाहीत.